शहरात थंड, भेरूघाटात गरम : गाडीचं नेमकं काय बिघडलंय?

माळव्याचा_मुलगा
१२ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मुक्काम इंदूर, लोकमान्य नगर. गाडी नऊ वर्षं जुनी, पेट्रोल, १.२ लिटर, ८२ हजार किलोमीटर झालेत. आजवर एकदाही रस्त्यात उभी राहिली नव्हती.

रविवारी आईला घेऊन ओंकारेश्वरला गेलो. पहाटे निघालो, जाताना काहीच त्रास नाही. दर्शन आटोपून दुपारी दीडला परत फिरलो. बडवाहपर्यंत ठीक. बलवाडा सोडून चढ लागला तसा तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर सरकायला लागला. चोरल मागे पडलं आणि भेरूघाटात एका भरलेल्या ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना काटा थेट लाल पट्टीला टेकला. एसीतून गरम हवा यायला लागली, बॉनेटच्या फटीतून वाफ, आणि एक गोडसर वास. आईने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "थांबव आधी गाडी."

थांबवली. इंजिन बंद केलं. कूलंटची प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरून बुडबुडत होती. पन्नास मिनिटं उन्हात उभे होतो. गार झाल्यावर रेडिएटरचं टोपण उघडलं, जवळचं पिण्याचं पाणी घातलं (दीड लिटर तरी गेलं) आणि एसी बंद ठेवून हळूहळू घरी आलो.

दोन मिस्त्रींना दाखवली. पहिल्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल, २५-३० हजार धरून चला. दुसरे म्हणाले, "भिया, वॉल्व निकाल देते हैं, अपने यहाँ कौन सी बरफ गिरती है." वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन गरम झाल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. आता कोणाचं ऐकू? आईला सोमवती अमावस्येला परत जायचंय, आणि तिला घेऊन पुन्हा त्या घाटात उभं राहायची माझी तयारी नाही.

निमाडी_मिरची
१२ मे, रात्री १०.५२

आधी हे सांगा, आई बऱ्या आहेत ना? मे महिन्यात तिथे सावलीसुद्धा तापलेली असते.

माळव्याचा_मुलगा
१२ मे, रात्री १०.५८

बरी आहे. एका भुट्टेवाल्याने स्वतःच्या छपराखाली खाट टाकून दिली, पैसे घेतले नाहीत.

पीथमपूर_पाळी
१२ मे, रात्री ११.३०

बावीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढली आहेत, त्यातली नऊ इंजिन टेस्टिंगला. एक विनंती करतो : इतक्यात एकही पार्ट बदलू नका. दोन्ही मिस्त्रींनी रोग ओळखलेला नाही, फक्त औषध सांगितलंय.

गाडी कधी तापते, यात अर्धं उत्तर असतं. पलासिया किंवा विजय नगरच्या सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की तापते आणि बायपासला पळवली की थंड होते, अशी गाडी असेल तर संशय पंख्यावर : मोटर, रिले, फ्यूज, वायरिंग. पळवली की रेडिएटरला वारा फुकट मिळतो, उभी असली की पंख्याशिवाय वारा नाही. याच्या उलट, सिग्नलला शांत आणि चढावर तापणारी असेल तर पाणी पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटरला उष्णता बाहेर टाकता येत नाहीये. पेट्रोल जळून निघणाऱ्या उष्णतेतली पाव ते एक तृतीयांश कूलंटने वाहून न्यायची असते. सपाटीवर इंजिन थोडंच पेट्रोल पितं, त्यामुळे अर्धा तुंबलेला रेडिएटरही वेळ मारून नेतो. चढावर त्याचं बिंग फुटतं.

मात्र तुम्ही ट्रकमागे रांगत होतात, म्हणजे भार जास्त आणि वाराही कमी. त्यामुळे पंखा अजून निर्दोष धरू नका. उद्या मला हे सांगा : शहरात काटा हलतो का? एसी बंद ठेवून गाडी उभी चालू ठेवली तर पंखा आपोआप लागतो का? सकाळी पूर्ण गार असताना बाटलीत किती आणि खुद्द रेडिएटरमध्ये किती पाणी दिसतं? आणि आजवर त्यात काय काय ओतलंय?

गरम असताना टोपणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं. टोपण सैल झालं की दाब जातो, पाणी क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. आमच्या शॉपमध्ये एकाचा हात कोपरापर्यंत भाजला होता, अजून डोळ्यासमोर आहे.

ग्वाल्हेरी_गप्पा
१३ मे, सकाळी ७.१५

माझ्या गाडीत पंख्याची वायर उंदरांनी कुरतडली होती. सगळा कूलंट बदलून झाला, मग कळलं. बॉनेटखाली बघाच.

माळव्याचा_मुलगा
१३ मे, रात्री ९.०५

उंदीर नाहीत, नीट पाहिलं. आता पीथमपूरकाकांच्या प्रश्नांची उत्तरं.

शहरात काटा मधल्या रेघेवरून हलत नाही, आज संध्याकाळी राजवाड्याच्या गर्दीत मुद्दाम पाऊण तास घातला. पंखा चालतो : एसी बंद, गाडी बिल्डिंगखाली चालू ठेवली, बाराव्या मिनिटाला लागला, थोड्या वेळाने बंद झाला, पुन्हा लागला. एसी लावला की लगेच सुरू होतो.

सकाळी गार असताना बाटली मॅक्सिममच्या वर भरलेली, आणि रेडिएटर उघडला तर पाणी दोन बोटं खाली! बाटलीत आहे, आत नाही, याचा अर्थ काय?

आणि काय ओतलं, तर गेली अडीच-तीन वर्षं जेव्हा कमी वाटलं तेव्हा मीच पाणी घातलंय. बिल्डिंगच्या बोअरचं. कूलंट शेवटचा कधी बदलला ते आठवत नाही.

सुहासिनी_खातीवाला
१३ मे, रात्री ९.२०

बोअरचं पाणी! तुमच्या गीझरची कॉइल काढून बघा एकदा, मग रेडिएटरच्या आत काय झालं असेल ते कळेल. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने दोन वर्षांत नळाची जाळी दगडासारखी झाली होती.

खंडवा_रोडवाले_काका
१३ मे, रात्री ९.४५

भेरूघाटाचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. वडिलांची फियाट होती, १०८९ सीसीची. खंडव्याला आत्याकडे जायचं म्हणजे डिकीत पाण्याचा डबा असायचाच. पंखा पट्ट्यावर चालायचा. इंजिन हळू फिरलं की पंखाही हळू, म्हणजे नेमका घाटात अशक्त. परतीच्या वाटेवर चढाच्या अर्ध्यावर वडील सावली बघून गाडी बाजूला घेत, बॉनेट उघडत आणि आम्हा पोरांना सांगत, कोणी जवळ जायचं नाही. मग आईचा डबा सुटायचा. दशम्या, लसणाची चटणी. गाडी गार होईपर्यंत जेवण उरकायचं. वडिलांनी त्या पाऊण तासाची कधी घाई केली नाही, आणि ती फियाट एकोणीस वर्षं मूळ इंजिनवर चालली.

तेव्हा घरात बोअर नव्हती. नर्मदा १९७८ साली इंदुरात आली, त्याआधी विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून रेडिएटरमध्ये घालायचो. पण ते पितळी रेडिएटर होते. रेडिएटरवाला टाकी झाळून उघडायचा, सळी घालून एकेक नळी साफ करायचा आणि परत झाळायचा. आताच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या टाक्यांना ते करता येत नाही.

भिया_फर्स्ट_गिअर
१३ मे, रात्री १०.१०

सगळे उगाच लांबण लावताय. बाटली भरते, रेडिएटर रिकामा होतो, बुडबुडे येतात, म्हणजे हेड गॅस्केट. सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो आणि पाणी बाटलीत ढकलतो. माझ्या भावाच्या गाडीत सेम टू सेम हेच झालं होतं. पहिला मिस्त्री बरोबर बोलतोय, उशीर केला तर हेड वाकेल.

पीथमपूर_पाळी
१३ मे, रात्री १०.४०

फर्स्ट गिअर, तुमची शंका रास्त आहे आणि ती तपासल्याशिवाय पुढे जायचंच नाही. पण हीच लक्षणं एका दोनशे रुपयांच्या वस्तूचीही असतात, ती म्हणजे रेडिएटरचं टोपण.

टोपणात दोन वॉल्व्ह असतात. एक दाब सांभाळतो. तुमच्या टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा दिसेल. साधं पाणी १.१ बार जादा दाबाखाली १२० अंशांच्या आसपास उकळतं, नाहीतर शंभरच्या आतबाहेर. टोपणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून बाटलीत जातं. दुसरा छोटा वॉल्व्ह गाडी गार होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढून घेतो. रबर मेलेलं असेल तर पाण्याऐवजी कडेने हवा आत ओढली जाते. परिणाम हाच : बाटली भरलेली, रेडिएटर दोन बोटं खाली.

मग दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? गाडी रात्रभर गार झालेली असताना सकाळी सुरू करा आणि वरचा जाड होज (रेडिएटरची रबरी नळी) हाताने दाबून बघा. हाताने, आणि पंख्यापासून लांब, पंखा कधीही लागू शकतो. एकदोन मिनिटांतच, पाणी कोमटही झालेलं नसताना, होज दगडासारखा ताठ झाला तर गॅस घुसतोय. गरम झाल्यावर ताठ होणं स्वाभाविक आहे. ऑइलची काडी आणि ऑइलच्या टोपणाची आतली बाजू बघा, चहावरच्या सायीसारखा दुधी थर आहे का. सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही पांढरा, गोड वासाचा धूर येतो का. या तीनही गोष्टी घरी फुकटात होतात. चौथी गॅरेजमध्ये : निळ्या द्रवाची चाचणी. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. ज्वलनाचा गॅस असेल तर निळा पिवळा होतो.

बडोद्याची_अनु
१३ मे, रात्री ११.०५

अगदी खरंय, आधी तपासा. गेल्या वर्षी माझी गाडी अलकापुरीत सिग्नलला तापायची, हायवेला नाही. गॅरेजने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप. साडेसात हजार गेले आणि गाडी जशीच्या तशी तापत राहिली. शेवटी सासऱ्यांनी फ्यूजच्या डब्यातला हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी लावला (दोन्ही एकाच आकाराचे होते) आणि पंखा लागला. रिले एकशे चाळीस रुपयांचा. पैशांपेक्षा जास्त वाईट याचं वाटलं की मी तीनदा विचारलं होतं, "पंखा तपासला का?", आणि तीनदा मला "मॅडम, आप रहने दो" हे उत्तर मिळालं.

खराद_आणि_फेसिंग
१३ मे, रात्री ११.३५

माझा खरादाचा धंदा आहे, हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, येतात माझ्याकडे. धाग्यातल्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, लाल झालेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. दर उन्हाळ्यात अशी हेडं बघतो. परवाच एक मुलगा हेड घेऊन आला. वडिलांची टॅक्सी. घाटात तापली म्हणून त्याने बर्फाच्या पाण्याची बादली इंजिनवर रिकामी केली. दोन वॉल्व्हच्या सीटच्या मध्ये केसाएवढी चीर होती. मी त्यावर तांबडा डाय मारला, पुसला, पांढरी पावडर फवारली, आणि चीर लाल रेघेसारखी वर आली. ते बघून पोरगं खालीच बसलं. ते हेड फेसिंगने वाचत नाही.

नुसतं वाकलेलं असेल तर वाचतं. सरळ पट्टी ठेवून खाली फीलर (फट मोजायची पातळ पत्र्याची पट्टी) घालतो. बहुतेक छोट्या गाड्यांना ०.०५ मिलिमीटरच्या पुढे वाक चालत नाही, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलात असतो. आणि हेड बसवणाऱ्याकडे टॉर्क पाना (बोल्ट मोजून आवळायचा पाना) आहे का हे आधी विचारा. अंदाजाने आवळलेलं हेड सहा महिन्यांत परत माझ्या टेबलावर येतं.

गाडी लाल झाली तर एसी बंद, हीटर फुल, खिडक्या उघड्या, जागा मिळताच थांबायचं. हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे.

निमाडी_मिरची
१४ मे, सकाळी ८.१०

मे महिन्यात, निमाडात, हीटर फुल! आई गाडीत असताना?

खराद_आणि_फेसिंग
१४ मे, सकाळी ८.४०

फक्त थांबायला जागा मिळेपर्यंतच, ताई. एकदोन वळणं. मग आईंना सावलीत बसवायचं.

शून्यातून_शंभर
१४ मे, दुपारी १.२०

काटा लाल होईपर्यंत वाट बघू नका, हे मला सांगायचंय. आणि काटा खाली आला म्हणजे सुटलो असंही समजू नका. देवासहून येताना माझा खालचा होज फाटला. काटा वर चढला आणि अचानक खाली आला. मला वाटलं, बरं झालं, थंड झाली. आणखी चार किलोमीटर चालवली आणि इंजिन जाम. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच खरं तापमान सांगतो. पाणीच निघून गेल्यावर तो वाफेत लटकत होता. ते चार किलोमीटर मला अख्ख्या इंजिनाला पडले. आता काटा विचित्र वागला, वर किंवा खाली, की मी थांबतो.

कूलंट_हिरवाच
१४ मे, दुपारी २.०५

कोणी काही म्हणो, हिरवा कूलंट घाला, तोच चांगला. लाल-गुलाबीचे नुसते पैसे जास्त.

पीथमपूर_पाळी
१४ मे, सायंकाळी ६.३०

रंग हा नुसता रंग आहे, साहेब. त्याला ठरलेलं मानक नाही, एका कंपनीचा हिरवा आणि दुसऱ्या कंपनीचा हिरवा वेगळे असू शकतात. बघायचं ते आतलं गंजरोधक रसायन. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं साधारण दोन वर्षांत थकतं, सेंद्रिय आम्लवालं पाच वर्षांपर्यंत टिकतं. दोन्ही एकमेकांत मिसळली तर संरक्षण लवकर संपतं, कधी गाळही धरतो. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच घ्यायचा. तयार मिश्रण असेल तर तसंच ओतायचं. घट्ट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीवाल्याकडे मिळतं.

आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, असं पुष्कळांना वाटतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा सहा-सात अंश जास्त असतो, हा एक फायदा. मोठा फायदा गंज आणि क्षार थांबण्याचा.

काढलेला जुना कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका. तो चवीला गोड आणि विषारी असतो, गल्लीतली कुत्री चाटतात.

सुहासिनी_खातीवाला
१४ मे, रात्री ८.१५

शेवटचं वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवा. आमच्या गल्लीतलं एक पिल्लू असंच गेलं. दोन दिवस कोणालाच कळेना काय झालं ते.

भिया_फर्स्ट_गिअर
१४ मे, रात्री ९.००

थर्मोस्टॅटचं काय मग? दुसरा मिस्त्री म्हणतोय तसा काढला तर पाणी सतत फिरेल, गाडी थंड राहील. अर्धं इंदूर असंच चालवतं.

खंडवा_रोडवाले_काका
१४ मे, रात्री ९.३०

फियाटचा आम्हीही काढला होता, खोटं कशाला बोलू. पण हिवाळ्यात सकाळी गाडी तासभर खोकायची आणि पेट्रोल प्यायची.

पीथमपूर_पाळी
१४ मे, रात्री ९.५५

काढल्याने रोग झाकला जातो. इंजिन गार राहिलं की सेन्सर कॉम्प्युटरला सांगत राहतो "अजून थंड आहे", कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं आणि सिलिंडर झिजतात. शिवाय अनेक इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. काढून टाकला तर बायपास कायम उघडा, आणि थोडं पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात. अशी गाडी घाटात उलट जास्त तापते.

तो बिघडला आहे की नाही हे स्वयंपाकघरात कळतं. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट आणि एक तापमापक. त्याच्या अंगावर आकडा कोरलेला असतो, बहुधा ८२ किंवा ८८. तिथे उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

माळव्याचा_मुलगा
१६ मे, रात्री १०.२०

दोन दिवस हेच करत होतो. सगळं क्रमाने सांगतो.

काल पहाटे साडेपाचला गार इंजिन सुरू केलं. वरचा होज दोन मिनिटं दाबत राहिलो. मऊ, गार. ऑइलची काडी काळी-सोनेरी, टोपण आतून स्वच्छ. धूर नाही. मग एका मित्राच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी केली, इंजिन गरम करून दहा मिनिटं. निळा तो निळाच राहिला. फर्स्ट गिअरभाऊ, तुमची भीती मलाही होती. तो द्रव बघताना मी श्वास रोखून उभा होतो.

थर्मोस्टॅट त्यांनीच काढून दिला, घरी आणला. आईने दुधाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला, शेवटी माळ्यावरचं जुनं पितळी पातेलं काढलं. जामचा तापमापक घेतला. थर्मोस्टॅटच्या पाकळीत शिवणाचा दोरा अडकवून पाण्यात सोडला. युक्ती आईची : बंद पाकळीत दोरा चिमटलेला, उघडली की थर्मोस्टॅट सुटून खाली पडणार. आई चष्मा लावून वाकून बघत होती. ७०, ७५, ८०... काही नाही. ८३ ला "टप्" असा आवाज आला आणि तो तळाशी पडला. आई म्हणाली, "उघडला गं बाई!" पाणी खळखळा उकळायला लागलं तोवर तो बोटभर उघडला होता. त्याच्यावर ८२ लिहिलंय. थर्मोस्टॅट चांगला आहे.

एक शंका : पाणी उकळत असताना तापमापक ९८ च्या पुढे जाईना. तापमापक चुकतोय का?

पीथमपूर_पाळी
१६ मे, रात्री १०.४५

तापमापक अगदी बरोबर आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथे पाणी ९८ लाच उकळतं. दोऱ्याच्या युक्तीबद्दल आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या शॉपमध्येही दोरा असाच पाकळीत चिमटवून ठेवायचो.

आता उरलं टोपण, पंप आणि रेडिएटर. गाडी नीट गरम करा आणि रेडिएटरच्या जाळीचं तापमान जागोजागी मोजा.

ग्वाल्हेरी_गप्पा
१६ मे, रात्री ११.००

कोविडच्या वेळची कपाळावर धरायची गन आहे ना घरी, तिने होईल.

पीथमपूर_पाळी
१६ मे, रात्री ११.०८

नाही हो, ती माणसाच्या अंगापुरतीच असते, बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे नुसतं "हाय" दाखवते. कारखान्यातली लेझरवाली लागेल. माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी तुमच्याकडे येतो, लोकमान्य नगर मला लांब नाही.

माळव्याचा_मुलगा
१८ मे, दुपारी ३.३०

काका सकाळी आठला आले. पोहे-जिलबी झाली, मग बॉनेट.

टोपण आधी. रबर नखाने दाबलं तर दबेना, कडेला तडा. छोटा वॉल्व्ह क्षारांनी जागेवरच चिकटलेला. पंप : पट्टा काढून पुली हलवून पाहिली, खेळ नाही, आवाज नाही, खालच्या छोट्या भोकातून ओघळ नाही. मग गाडी गरम केली आणि गन लावली. रेडिएटरच्या वरच्या भागात ९१, मध्ये ८८, आणि खालचा जवळपास एक तृतीयांश पट्टा ४७-४८! त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. काका म्हणाले, शहरात उरलेल्या दोन तृतीयांशांवर भागत होतं.

आज रविवार असूनही रेडिएटरवाल्याने दुकान उघडलं. जुना रेडिएटर काढून त्याने प्लास्टिकच्या टाकीच्या पट्ट्या उचकटल्या आणि मला आत बघायला बोलावलं. खालच्या नळ्यांची तोंडं दिसतच नव्हती. चुन्यासारखा भुरका थर, मध्ये गंजाच्या तपकिरी रेषा. मी नखाने खरवडला, तुकडा सुटून तळहातावर पडला, अंड्याच्या कवचाएवढा जाड. तो मी कागदात बांधून घरी आणलाय. तीन वर्षं बाटलीने जे घालत होतो ते हे.

रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मध्ये सावरीचा कापूस आणि किडे यांची गादीच जमली होती, ती समोरून दिसत नाही.

नवा रेडिएटर ३,४००, टोपण १९०, कूलंट ७५०, मजुरी ९००. थर्मोस्टॅट तोच परत, फक्त नवी रबर रिंग. भरायच्या आधी ब्लॉक तीनदा डिस्टिल्ड वॉटरने धुतला, पहिलं पाणी चहासारखं निघालं.

शून्यातून_शंभर
१८ मे, सायंकाळी ५.००

हवा काढली का? आत हवेचा फुगा राहिला तर नव्या रेडिएटरनेही तापते.

माळव्याचा_मुलगा
१८ मे, सायंकाळी ५.२०

काढली. गाडीचं तोंड चढाकडे करून, टोपण उघडं, हीटर गरमवर, पंखा दोनदा लागेपर्यंत चालू ठेवली. गुडगुड करत तीनचार मोठे बुडबुडे आले, पातळी खाली गेली, तेवढा कूलंट परत भरला.

भिया_फर्स्ट_गिअर
१८ मे, रात्री ८.४५

माझं चुकलं. भावाच्या गाडीला हेड गॅस्केटच होतं म्हणून तेच धरून बसलो. त्याच्याही गाडीत बोअरचं पाणी होतं, आज विचारलं त्याला. कदाचित सुरुवात तिथूनच झाली असेल.

बडोद्याची_अनु
१८ मे, रात्री ९.१०

पीथमपूरकाका, तुम्ही स्वतः गन घेऊन गेलात हे वाचून फार बरं वाटलं. आता खरी परीक्षा घाटात. आईंना नेण्याआधी एकदा रिकामी नेऊन बघा.

माळव्याचा_मुलगा
२५ मे, सायंकाळी ७.१५

आज नेली. मी आणि काका. मुद्दाम भर दुपारी, एसी चालू. ओबीडीच्या सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायची जागा) ब्लूटूथवाला छोटा ॲडॉप्टर लावला आणि काका मोबाइलवर आकडा मोठ्याने वाचत होते. डॅशबोर्डचा काटा बऱ्याच मोठ्या टापूत मध्येच उभा राहतो म्हणे, खरा आकडा इथे कळतो.

सिमरोलपर्यंत ८८ ते ९१. घाट उतरून चोरलला चहा घेतला, परत फिरलो. चढ लागला : ९२, ९३. नेमका एक ट्रक पुढे आला, आणि मी त्याला ओलांडलं नाही, मागेच राहिलो, दुसऱ्या गिअरमध्ये. ९५. ९६. माझे हात स्टिअरिंगवर घामाने ओले. ९७ ला पंखा फुल वेगात लागल्याचा आवाज आला. ९७, ९७, ९६. घाटमाथ्यावर ९३.

त्या भुट्टेवाल्याकडे थांबलो. त्याने ओळखलं, आईची चौकशी केली. आईने त्याच्या लेकीसाठी दिलेली बेसनाच्या लाडवांची बरणी तिथे पोचवली.

खराद_आणि_फेसिंग
२५ मे, रात्री ८.००

छान. आता आठवडाभर रोज सकाळी बाटलीतली पातळी बघा. नवीन काम आहे, होजच्या क्लिपा एकदा गार असताना आवळा.

माळव्याचा_मुलगा
२ जून, सकाळी ६.५०

क्लिपा आवळल्या. आठ दिवस रोज गार असताना बघतोय. पहिल्या दिवशी बाटलीवर मार्करने रेघ मारली होती, आज सकाळीही कूलंट त्याच रेघेवर आहे, आणि टोपण उघडलं तर रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला.